रक्तातलं तूप

आमच्या शेजारच्या शामराव काकाजींना भेटायचं म्हणजे आधी त्यांच्या नाकाला भेटावं लागे. नाक चांगलं लांब, टोकाशी जरा वाकलेलं, आणि गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांच्या तोंडाची त्याला ओळख. नाचणगावात दर गुरुवारी दिवेलागणीला मारुतीच्या ओट्यावर खंजिरी भजन व्हायचं. ओट्याला दगडी पायऱ्या होत्या आणि वरच्या पायरीवर काकाजी उभे राहत. येणाऱ्यानं त्यांच्या नाकापुढं तोंड नेऊन ‘हा’ करायचं. वास नाही आला तर पाठीवर थाप, आणि "बस बाप्पा". वास आला तर बोट खाली. मग त्या माणसानं पायरीवर बसूनच भजन ऐकायचं, ओट्यावर पाय ठेवायचा नाही आणि खंजिरी-ढोलकीला हात लावायचा नाही.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती. म्हणजे कागदावर होती, नाल्याच्या काठावर नव्हती. तिथं मोहाची निघायची आणि ती कोण काढतं हे पोलीस सोडून सगळ्यांना माहीत होतं. काकाजी म्हणत, "सरकारनं बंदी केली, आता वास कोन घेईन? सरकारले नाक हाय का?" म्हणून त्यांनी आपलं नाक सरकारजमा केलं होतं. पगार नाही, भत्ता नाही, नुसता वास.

मी आर्वीची. आर्वीच्या मुलीला नाचणगाव म्हणजे खेडंच वाटणार. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन मी तिथं आले. पहिल्याच गुरुवारी पाहते तर आमचे हे, नवे नवरदेव, गळ्यात अजून लग्नातली साखळी, आणि काकाजींपुढं तोंड उघडून ‘हा’ करून राहिलेले. मला पदराआड हसू आवरेना. शेजारी काकाजींच्या बायको बसल्या होत्या. त्यांना सगळे काकू म्हणत. त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला आणि हळूच म्हणाल्या, "हासू नको पोरी. माह्या लग्नात बोहल्यावर चढाच्या आंधी यायनं माह्या बापाले हुंगलं होतं."

ते खरं होतं की नाही, देव जाणे. पण काकाजींकडे पाहिलं की खरं वाटे. गोरेपान, घारे, अंगात पांढरी बंडी, वागायला सरळ आणि बोलायला त्याहून सरळ. कापूस आणि तूर पिकवत, बैलांशी गोड बोलत आणि माणसांशी खरं बोलत. "नाक खोटं बोलत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजी करपली की भिंतीपलीकडून ओरडत, "सूनबाई, वांगं लागून राह्यलं." मी धावत चुलीकडे जाई आणि वांगं खरंच लागलेलं असे. चांगली चिडायची मी. आपल्या घरातलं वांगं आपल्याला आधी कळू नये म्हणजे काय.

ह्या नाकाला एकच वास मनापासून आवडे, तो म्हणजे कढलेल्या तेलाचा. काकूंकडे गोळाभात असला की काकाजी सकाळपासून खुशीत. भातावर डाळीचे गोळे कुस्करायचे आणि वरून मोहरी-मिरचीच्या फोडणीचं तेल ओतायचं. आपण पळीनं ओततो. काकाजी वाटीनं ओतत. भाताच्या मधोमध खळगा करून त्यात तेलाचं तळं राहिलं पाहिजे, बोटं बुडली पाहिजेत. झुणक्यावर कच्चं तेल, भाकरीवर लोणी, वरणावर तूप. काकू म्हणत, "या मानसाले पानी कमी पडलं तं चालते, तेल कमी पडलं का उपाशी उठते."

काकाजींच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी, पापणीवर, पिवळसर डाग होते. हरभऱ्याच्या डाळीएवढे, जरा फुगीर. त्यांच्या थोरल्या भावालाही तसेच होते म्हणे. गावात म्हणत की हे खात्यापित्या घराचे डाग आहेत, आणि काकाजींनाही त्यांचा थोडा अभिमान होता. तो थोरला भाऊ ऐन पन्नाशीत शेताच्या धुऱ्यावर उभ्या उभ्या छातीला हात लावून बसला आणि उठला नाही. त्याचा आणि डागांचा काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते आलं एका पोरसवदा डॉक्टरच्या डोक्यात. शाळेत तपासणीचं शिबिर होतं, वर्ध्याहून डॉक्टर आले होते. काकाजी आपले रांगेतल्या माणसांना हुंगायला गेलेले, दवाखान्याच्या नावाखाली कोणी पिऊन तर आलं नाही ना पाहायला. डॉक्टरनं त्यांचे डोळे पाहिले आणि खुर्चीवर बसवलं. भावाचं विचारलं. मग रक्त तपासायला वर्ध्याला बोलावलं. तिथून काकाजी आले आणि संध्याकाळी भिंतीपाशी येऊन आमच्या ह्यांना म्हणाले, "माह्या रक्तात तूप हाय म्हनते. कोलेस्टेरॉल का काय. भाऊ त्यानंच गेला म्हनते."

तेल बंद झालं. लोणी बंद, तूप बंद. आणि रोज रात्रीच्या जेवणावर एक गोळी सुरू झाली, रक्तातलं तूप उतरवायची. आमच्याकडे गावात जेवणं लवकर होतात, दिवा लावला की ताट. काकाजी गोळी घेत ती गरमागरम चहासोबत. "औषध गरम पोटात गेलं का लवकर लागते," असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. डॉक्टरनं गोळीबद्दल काय काय सांगितलं होतं ते काकाजींनी ऐकलंच नव्हतं, कारण तो सांगत असताना हे विचारत होते की जवसाचं तेल चालेल का.

पहिला गुरुवार. पौषातली थंडी, सगळे घोंगड्या गुंडाळून बसलेले. काकाजी जेवून, गोळी घेऊन, सगळ्यांना हुंगून आपल्या जागेवर बसले. दुसरं भजन रंगात आलं आणि मी पाहते तर काकाजींचे कान लाल. मग मान. मग गाल, कपाळ, आणि शेवटी डोळे. गोरा माणूस, दडतं कुठं? गॅसबत्तीच्या उजेडात चेहरा असा दिसत होता की शेंदूर लावलेला मारुती कोणता आणि काकाजी कोणते ते कळेना. त्यांनी घोंगडी फेकली. बंडीची बटणं सोडली. दोन्ही हातांनी अंग खाजवायला लागले. शेवटी खंजिरी खाली ठेवून उठले, विहिरीवर गेले आणि त्या पौषात दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. ओलेचिंब परत आले आणि जिथं सोडलं होतं तिथून भजन धरलं.

झालं. गावात दोन तट पडले. बायकांचं म्हणणं पडलं की काकाजींच्या अंगात येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात नारळ येऊन पडला आणि एक म्हातारी तर त्यांच्या पायावर पाणीच घालायला लागली. काकाजींना अंगात येण्याचा मनस्वी तिटकारा. त्यांनी तिला नारळ परत दिला आणि वर रागानं लाल झाले, तर म्हातारी म्हणाली, "पाहा, आलं अंगात."

पुरुषांचं म्हणणं वेगळं होतं. ते उघड कोणी बोलेना. काकाजी मात्र रोज जेवणानंतर आपल्या घरच्या ओट्यावर उघड्या अंगानं बसत आणि हातातल्या सुपानं स्वतःला वारा घालत. गाव शेकोटीला, आणि हा माणूस सुपानं वारा घेतो. जाणारे-येणारे पाहत आणि पुढं जाऊन एकमेकांना अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवत.

काकूंनी दोन-तीन दिवसांतच ताडलं की हे सगळं गोळीनंतर होतं. ओढून त्यांना वर्ध्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, "हो, ह्या गोळीनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात. लाल होतं, आग होते, खाज सुटते. घाबरू नका, सवय होईल. गोळी सोडू नका मात्र." काकाजी निश्चिंत होऊन आले. गुरुवारी ओट्यावर उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की बाबांनो, ही गोळी आहे, दुसरं काही नाही.

तेव्हा वामनसेठ बोलला. वामनसेठचं किराणा दुकान होतं, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात गोष्ट राहत नसे. तो म्हणाला, "काकाजी, गोळीनं ताप उतरते, जुलाब थांबते. गोळीनं मानूस लाल होते हे आमी कदी आयकलं नाई. घडीघडी वर्ध्याले जाता, थैली भरून आनता. वर्ध्याहून नागपूर काई दूर नाई. तिकडं बिगरवासाची इंग्लिश दारू भेटते म्हनते."

काकाजींचा चेहरा त्या वेळी लाल नव्हता, पांढरा झाला होता. बिगरवासाची म्हटल्यावर आता हुंगून काय उपयोग? ज्या नाकावर सारं उभं होतं ते नाकच बाद. त्यांचाच नियम होता की नुसती शंका आली तरी माणसानं खाली बसायचं. त्यांनी खंजिरी वामनसेठच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरून खालच्या पायरीवर जाऊन बसले. मला तर रडूच आलं. आमचे हे म्हणाले, "अवं, पन ते खरंच नसन पेत?" मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

खालच्या पायरीवर किसना बसलेला असे. त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. किसना गावातला सगळ्यात चांगला ढोलकीवाला, आणि सगळ्यात नियमित पिणारा. बोटं अशी की ढोलकीनं बोलावं. पण कित्येक वर्षांत तो ओट्यावर चढलाच नव्हता. दर गुरुवारी येई, काकाजींपुढं इमानानं ‘हा’ करी, काकाजी बोट खाली करत आणि तो पायरीवर जाऊन आपल्या मांडीवर ठेका धरी. दोघांच्यात भांडण कधी झालं नाही. काकाजी म्हणत, "लेका, तुह्या हातात देव हाय आन तोंडात नाली." किसना म्हणे, "हाव काकाजी."

आता हुंगणारा आणि हुंगला जाणारा, दोघं शेजारी शेजारी. वर वामनसेठ लोकांच्या तोंडाचे वास घ्यायला लागला, पण त्याला सर्दी बारा महिने, त्याला हिंग आणि हळद एकच. खाली हे दोघं. किसना मांडीवर ठेका धरी, काकाजी नुसते टाळ्या वाजवत. असे दोन-तीन गुरुवार गेले.

मग काकूंच्या लक्षात आलं की बाटलीतल्या गोळ्या कमी होईनात. काकाजींनी गोळी सोडली होती. त्या दिवशीचं भांडण भिंतीपलीकडून मी शब्दन्‌शब्द ऐकलं.

"नाव गेल्यावर जगून काय करू मी?" काकाजी म्हणत होते. "साऱ्या गावाले हुंगलं मी. आता गाव मले हुंगून राह्यलं."

"आन तुमी गेल्यावर तुमचं नाव घेऊन मी काय करू? चुलीत घालू?" काकू म्हणाल्या. "मोठे भासरे, तुमचे भाऊ, गेले ते पाह्यलं ना मी. त्यायचं बी नाव लय मोठं होतं. जाऊबाई नावावर निजते का? मले मानूस पायजे."

मग बराच वेळ बांगड्यांचा आवाज येत राहिला. काकू भांडी घासत होत्या आणि घासलेलीच पुन्हा घासत होत्या.

पुढच्या गुरुवारी भजनाला सुरुवात व्हायच्या आत काकू उठल्या. पुरुषांच्या बाजूला आजवर कधी न गेलेली बाई डोक्यावर पदर घेऊन थेट ओट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एका हातात गोळ्यांची बाटली, दुसऱ्या हातात तांब्या. म्हणाल्या, "सगळे बसा. हे आता तुमच्या डोयादेखत गोळी घेते. पाहा लाल होते का नाई. मंग बोला."

काकाजींना वर बोलावलं. ते आले. वामनसेठनं आधी त्यांना हुंगलं. काकाजी गोळी घेऊन, वर पाणी पिऊन बसले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलं. भजन नाही, काही नाही.

काही होईना. कान पांढरे. मान पांढरी. नेहमीची वेळ टळून गेली, काकाजी आपले गोरेपान बसलेले, वर त्यांना थंडी वाजायला लागली म्हणून त्यांनी घोंगडी मागितली. जो माणूस रोज सुपानं वारा घेत होता त्याला नेमकी त्याच दिवशी थंडी वाजावी. वामनसेठ खाकरला आणि म्हणाला, "आता काय बोलाचं, काकू."

काकाजी उठले. घोंगडी घडी करून ठेवली आणि पायऱ्यांकडे निघाले. तेवढ्यात खालून किसना वर येताना दिसला.

"मले द्या एक," तो म्हणाला.

"तू पायरीवर बस बे," वामनसेठ म्हणाला.

"हुंगा आंधी."

वामनसेठनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. सर्दी होती म्हणून बाजूच्या दोघांकडूनही हुंगवलं. तिघंही एकमेकांकडे पाहायला लागले. "कोरडा हाय," वामनसेठ म्हणाला.

"तीन गुरुवारापासून कोरडा हाय मी," किसना म्हणाला. "बाजूले यायचं नाक. पिऊन बसाची लाज वाटे."

काकाजी पायरीवर थबकले. "मंग वर काऊन नाई गेला लेका? वामनसेठनं जाऊ देल्लं असतं तुले."

किसना खाली पाहून म्हणाला, "तुमी एकटे बसले असते."

त्यानं काकूंच्या हातून गोळी घेतली, तोंडात टाकली आणि ओट्यावर मांडी घालून बसला. पुन्हा गाव पाहत बसलं. पहिल्यांदा त्यानं मानेवर हात फिरवला, डास चावल्यासारखा. मग कानाच्या पाळ्या चोळायला लागला. माणूस सावळा, पण त्याचे कान बघता बघता तांब्यासारखे झाले, डोळे तांबारले, कपाळावर घाम. सदरा काढून फेकला आणि म्हणाला, "काकाजी, आग लागली ना जी. हे तं मोहाच्यापेक्षा जोरदार हाय."

सगळा ओटा हसायला लागला. ज्यानं आता स्वतःच्या तोंडानं कोरडा म्हटलं होतं तो वामनसेठही हसला, हसता हसता उठला आणि खंजिरी काकाजींच्या पायापाशी ठेवली. काकू तिथंच मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या का रडत होत्या ते त्यांनाच माहीत. चार जणांनी किसनाला विहिरीवर नेऊन आंघोळ घातली. त्याच्या पायावर पाणी घालायला ती म्हातारी पुढं होतीच.

काकाजी काही लगेच वर बसले नाहीत. ते वामनसेठपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "दर गुरुवारी आंधी मले हुंगाचं. मंगच मी दुसऱ्याले हुंगीन." तेव्हापासून तसंच ठरलं. आणि काकाजींना हुंगायचं काम कोणाला दिलं असेल? किसनाला. किसना आधी त्यांच्या तोंडाजवळ नाक नेई आणि म्हणे, "बस बाप्पा." मग काकाजी वरच्या पायरीवर उभे राहत आणि किसना ढोलकी घेई, कोरडा असला तर.

पुढच्या खेपेला काकूंनी डॉक्टरला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "त्या दिवशी दुसरं काही औषध घेतलं होतं का?" काकूंना आठवलं. काळजीनं दुपारपासून काकाजींचं डोकं ठणकत होतं आणि निघायच्या थोडं आधी काकूंनीच त्यांना अ‍ॅस्पिरिन दिली होती. "त्यानंच लाली दबली. हीच तर युक्ती," डॉक्टर म्हणाला. "आता रोज अर्धी तीच घ्या, गोळीच्या आधी. आणि तो गरम चहा बंद करा, त्यानं आणखी भडकतं. थंड पाण्यासोबत घ्या." म्हणजे ज्यानं काकाजींची लाज घालवली तेच त्यांचं औषध निघालं. काकाजी म्हणाले, "डोकं दुखलं नसतं तं किसना वर आला नसता." हे गणित मला आवडलं.

सूप पुन्हा धान्याकडे गेलं. काकाजींनी पन्नाशी ओलांडली, त्या दिवशी काकूंनी गोळाभात केला आणि मोजून एक पळी तेल घातलं. काकाजींनी त्या पळीचा वास बराच वेळ घेतला, मग खाल्लं.

पुढं ह्यांची बदली झाली आणि आम्ही सिंदी मेघेला राहायला गेलो. मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा लग्नाच्या निमित्तानं नाचणगावला गेले तो नेमका गुरुवार. ओट्यावर गेले. काकाजी साठीच्या पुढं गेलेले, जरा वाकलेले, डोळ्यांजवळचे डाग फिके झालेले. कानांच्या पाळ्या अजून थोड्या लाल, गोळी चालू होती तर. वरच्या पायरीवर उभे होते आणि लोक ‘हा’ करून जात होते. शेजारी बसलेल्या काकू माझ्या कानात म्हणाल्या, "नाक गेलं त्यायचं. मोठी सर्दी झाली तेव्हापासून काईच वास येत नाई. वांगं जळलं तरी नाई. गावाले मालूम हाय, पन कोनी बोलत नाई."

किसना आला. केस पांढरे झालेले. त्यानं तोंड पुढं केलं, काकाजींनी नाक लावलं आणि पाठीवर थाप मारली. "बस बाप्पा."

किसना हलला नाही. म्हणाला, "आज नाई काकाजी. आज घेतली हाय थोडी." आणि आपणच उतरून खालच्या पायरीवर जाऊन बसला.

काकाजी खंजिरी काखेत धरून, एकेक पायरी सांभाळत खाली उतरले. "सरक," म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसले. वर भजन सुरू झालं. किसना मांडीवर ठेका धरायला लागला, काकाजींनी खंजिरी उचलली. पण नियम तो नियम. त्यांनी ती दुसऱ्या बाजूला, किसनाचा हात लागणार नाही इतकी दूर धरून वाजवली, अगदी शेवटपर्यंत.